माळावर झाडं का लावायची नाहीत? डोंगरातल्या श्रमदानाचा शंभर वर्षांचा धडा, सोलापूरकरांसाठी

जून संपत आला की सोलापुरात जागोजागी खड्डे पडायला लागतात. रस्त्यातले नव्हेत, ते बारमाही आहेत. हे रोपांसाठीचे: दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल, काठावर मुरमाचा ढीग आणि शेजारी फलक धरून उभी मंडळी. राज्याचं लागवडीचं उद्दिष्ट २०१७ला ४ कोटी होतं, २०१८ला १३ कोटी झालं आणि २०१९ला ३३ कोटी. तेव्हापासून शाळा, बँका, गणेश मंडळं, सगळ्यांच्या अंगवळणी हा सोहळा पडला आहे.

मग कोणीतरी जाणकार सांगतो, "नान्नजच्या माळावर झाडं लावू नका. आहेत त्यातली काही काढा." नान्नज म्हणजे सोलापूरजवळच्या माळढोक अभयारण्याचं गाव. ऐकणारा चक्रावतो. उन्हाळ्यात ४४ अंशांवर भाजणाऱ्या जिल्ह्यात झाडं नकोत? हा काय उफराटा कारभार?

कारभार उफराटा नाही. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानांत हौसेने राबणारी माणसं गेल्या शंभर वर्षांत याच गोष्टीपर्यंत पोचली, तीही बऱ्याच चुका करून. तिथपासूनच सुरुवात केलेली बरी. पण आधी माळाबद्दल थोडं.

माळ म्हणजे नेमकं काय

सातबाऱ्याच्या भाषेत माळ म्हणजे पडीक. जिथे पीक नाही, महसूल नाही, ती जमीन वाया गेलेली, ही समजूत इंग्रजी अमदानीपासून आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. शास्त्राच्या दृष्टीने मात्र माळरान हा जंगलाइतकाच स्वतंत्र अधिवास आहे. भरपूर गवत, मधून मधून हिवर, बोर, खैर, तरवड यांसारखी काटक झाडंझुडपं, आणि वर मोकळं आभाळ. जुन्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासणारा एक अभ्यास २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. तेराव्या शतकापासूनच्या त्या उल्लेखांतही या भागात अशीच उघड्या माळावरची झाडं भेटतात. म्हणजे इथे घनदाट जंगल होतं आणि आपण ते तोडून माळ केला, ही गोष्ट निदान सरसकट खरी नाही.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. माळावर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. एवढ्यात जगायचं तर गवतच व्हावं लागतं. झाडाचा वाढता कोंब शेंड्याला असतो, गवताचा जमिनीलगत. त्यामुळे गुरांनी खाल्लं, कापलं, वणव्यात जळलं तरी पहिल्या दोन पावसांत ठोंब पुन्हा फुटतो. पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवतं सगळं सोसतात. त्यांना सोसत नाही ती एकच गोष्ट: सावली. डोक्यावर पानांचं छप्पर आलं की ठोंब विरळ होत जातो आणि दोनतीन वर्षांत तिथे उघडी माती दिसायला लागते.

गवतावर जगणाऱ्यांचंही तसंच. काळवीट शत्रूला लांबून पाहतं आणि पळून वाचतं. झुडपांची गर्दी झाली की त्याची दोन्ही हत्यारं बोथट होतात. माळढोक हा माळावरचा मोठा पक्षी जमिनीवर एकच अंडं घालतो. शेजारी उंच झाड म्हणजे त्याच्या अंड्यावर टपलेल्या कावळ्याला, शिकारी पक्ष्याला आयती माडी.

डोंगरातल्या हौशी कामकऱ्यांनी सुरुवात कशाने केली

अमेरिकेच्या पूर्वेला ॲपलेशियन नावाची डोंगररांग आहे. तिच्या कण्यावरून एक सलग पायवाट काढावी, अशी कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१मध्ये मांडली. १९३७मध्ये ती वाट पूर्ण झाली. लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, चौदा राज्यांतून जाणारी. वाट राखण्याचं बरंचसं काम तेव्हापासून आजवर गिर्यारोहकांचे क्लब सुट्टीच्या दिवशी करत आले आहेत. स्मोकी पर्वतातला क्लब तर १९२४चा, म्हणजे तिथलं राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं त्याच्याही दहा वर्षं आधीचा.

काम काय? मुख्यतः पाणी वाटेवरून बाजूला काढणं. उतारावरच्या पायवाटेचा पहिल्या मोठ्या पावसात ओढा होतो. म्हणून ठरावीक अंतरावर वाटेत तिरपा ओंडका किंवा दगडांची ओळ गाडतात. शेताच्या बांधाला सांडवा ठेवतो, तीच युक्ती. ओळ अगदी आडवी घातली तर पाणी तिथेच तुंबतं आणि वरून उडी मारून पुढची माती नेतं. तिरपी घातली तर निमूट बाजूला जातं. मग तिच्या पाठीमागे साठलेला गाळ दरवर्षी खोऱ्याने काढत राहायचा. तो काढला नाही तर दोन पावसाळ्यांत ओळ असून नसल्यासारखी होते. श्रमदानाचं सगळं मर्म या गाळात आहे. ओळ घालताना फोटो निघतो, गाळ काढताना कोणी काढत नाही.

१९३३ ते १९४२ या काळात मंदीतल्या बेरोजगार तरुणांना सरकारने उद्यानांत कामाला लावलं. त्यांनी रस्ते, पूल, निवारे बांधले, कोट्यवधी रोपं लावली. ते मात्र पगारी काम होतं. आपल्या रोजगार हमीच्या जवळचं. पुढे १९५७मध्ये एलिझाबेथ कुशमन या तरुणीच्या प्रयत्नांतून विद्यार्थ्यांच्या तुकड्या ऑलिंपिक आणि ग्रँड टेटन या दोन डोंगरी उद्यानांत उन्हाळ्याच्या सुट्टीत राबू लागल्या. कल्पना तिने कॉलेजच्या प्रबंधात मांडली होती, १९५५ला. प्रबंधाचं चीज झाल्याची उदाहरणं तशी कमीच.

या सगळ्या टप्प्यात 'संवर्धन' म्हणजे काहीतरी नवं उभारणं, लावणं, बांधणं, असाच अर्थ होता. मग १९५९मध्ये इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांचं एक वेगळं दल निघालं. त्याने पहिलं काम घेतलं ते बॉक्स हिल नावाच्या टेकडीवर, आणि ते होतं झुडपं तोडण्याचं. टेकडीच्या उतारावरचं गवत झुडपांखाली गुदमरत होतं.

स्मोकीमधले उघडे माथे

आता सोलापूरला सगळ्यात जवळची गोष्ट. स्मोकी पर्वत म्हणजे गर्द झाडीचा मुलूख. पण काही शिखरांच्या माथ्यावर झाडंच नाहीत, नुसतं गवत. ग्रेगरी माथा सुमारे १,५०० मीटरवर आहे, अँड्र्यूज माथा १,८०० मीटरवर. हे माथे मुळात उघडे कशाने राहिले यावर तज्ज्ञांचे आजही वाद आहेत. एवढं नक्की की शेतकरी उन्हाळ्यात आपली गुरं तिथे चारायला नेत.

१९३४मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई थांबली. निसर्ग आता मोकळा झाला, असंच सगळ्यांना वाटलं. झालं उलटं. कडेची झुडपं आत सरकू लागली, मागून झाडं आली. गवताबरोबर तिथली खास रानफुलंही आक्रसत गेली. शेवटी १९८०च्या दशकात उद्यानाने ठरवलं की निदान हे दोन माथे उघडेच ठेवायचे. राष्ट्रीय उद्यानाच्या आत, झाडं वाचवण्यासाठी नेमलेली माणसं करवत घेऊन झाडं काढतात, ते यामुळे.

पण हा धडा उचलून जसाच्या तसा नान्नजला लावता येत नाही. स्मोकीच्या माथ्यांवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे चराई थांबली की जंगल धावत येतं. आपल्याकडे नेमकं वेगळं घडलं. १९७२च्या दुष्काळानंतर सरकारच्या अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून बार्शी रस्त्यावरच्या नान्नज परिसरात काही पट्टे राखले गेले, चराई आटोक्यात आली आणि गवत कमरेएवढं परतलं. सोलापूरचे निसर्ग अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी त्याच दशकात तिथल्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि १९७९मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. तेव्हा कागदावरचं क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं येत होती; नंतर ते सव्वाबाराशेच्या आसपास आणलं गेलं. पावसाने गवतच वाढवलं, जंगल नाही. झाडं आली ती आपण लावली म्हणून. राखलेल्या काही पट्ट्यांवर गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, ओळीने लावली गेली. हेतू चांगला होता. आज त्याच ओळी काढायच्या गोष्टी चालतात.

रफूगाराची पद्धत

काढायचं तर कुठून सुरू करायचं? बहुतेक तुकड्या जिथे रान सगळ्यात जास्त माजलंय तिथे तुटून पडतात. तिथे काम दिसतं, ढीग मोठा होतो. सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी १९६०च्या दशकात घराजवळच्या रानात खुरप्यासारख्या साध्या हत्यारांनी काम करता करता नेमका उलटा क्रम बसवला. त्यांचे नियम तीन: चांगल्या भागाकडून वाईटाकडे जायचं, माती कमीत कमी हलवायची, आणि मूळच्या वनस्पती जितक्या वेगाने परत येतील तितक्याच वेगाने पुढे सरकायचं.

सोलापूरकराला हे चादरीवरून चटकन कळेल. चादरीला भोक पडलं तर रफू करणारा भोकाच्या मध्यात सुई घालत नाही. धड कापडात सुई घालतो, शाबूत ताण्याला धरतो आणि कडेकडेने आत येतो. मध्यात टाका घालून उपयोग काय, धरायला तिथे काहीच नसतं. माळाचंही तसं आहे. धड गवताच्या कडेला चारदोन आगंतुक रोपं काढली की शेजारच्या गवताचं बी स्वतःहून तिथे येऊन पडतं. आगंतुक म्हणजे बाहेरून आलेली आणि स्थानिक वनस्पतींना हुसकावून पसरणारी. ऐन गर्दीत एक एकर साफ केला, तर महिनाभराने तिथे गाजर गवत असतं.

काय काढायचं, कसं काढायचं

सगळ्यात चिवट वेडी बाभूळ. ही आपली देशी बाभूळ नव्हे. १८७७च्या सुमारास भारतात आणलेली परदेशी जात. शेळ्या शेंगा आवडीने खातात, बी लेंडीतून खतासकट पेरलं जातं. हिला जमिनीलगत तोडणं म्हणजे कलम करणं. एका खोडाच्या जागी पाचसहा फुटवे येतात, कारण तिचे सुप्त डोळे जमिनीखाली वीतभर खोलपर्यंत असतात. म्हणून आधी कोयत्याने काटेरी फांद्या उतरवून बाजूला रचायच्या. मग खोडाभोवती टिकावाने फूटभर खोल उकरायचं आणि मुख्य मूळ त्या खोलीवर कुऱ्हाडीने छाटायचं. खड्डा त्याच मातीने बुजवून पायाने दाबायचा, वर वाळलं गवत पसरायचं. मनगटाएवढ्या खोडाला दोन माणसांचा अर्धा तास सहज जातो. अंगठ्याएवढी रोपं मात्र पहिल्या दोन पावसांनंतर, माती ओली असताना, हाताने मुळासकट निघतात. एका सकाळी काढलेली शंभर रोपटी दहा वर्षांनी टिकाव घेऊन यायचं वाचवतात. चपला घालून येणाऱ्याला घरी पाठवा. काटा रबरी तळव्यातून आरपार जातो आणि जखम चिघळते. पायात जाड बूट, हातात कातडी मोजे.

घाणेरी माळावर कमी, ओढ्याकाठी आणि बांधाला जास्त. तिच्यासाठी दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सोपी रीत रूढ केली. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीतून ती फुटते. त्या गाठीखाली, मातीत तीन ते पाच सेंटीमीटरवर, मुख्य मूळ कुदळीच्या एका घावात तोडायचं. झुडूप उचलून उलटं करून ठेवायचं, म्हणजे मुळांना ओली माती लागत नाही. फळं धरायच्या आत हे झालं पाहिजे, नाहीतर पक्षी बी नेतात. म्हणूनच पुढच्या पावसाळ्यात पक्षी बसतात त्या झाडांखाली, तारांखाली घाणेरीची रोपं शोधायची.

उंदीरमारीची गोम वेगळी. तिची फांदी मातीत खोचली की रुजते. तोडलेल्या फांद्या ओल्या माळावर टाकून गेलात तर एकाच्या चार कराल. सगळा माल उचलून माळाबाहेर न्यायचा. पाला जवळच्या शेतकऱ्याला द्या, हिरवळीचं खत म्हणून तो आनंदाने घेईल. मोठं झाड उपटू नये, खड्डा फार मोठा होतो. बुंध्याशी कापावं आणि पहिल्या पावसाळ्यात दर महिना दीड महिन्याने येऊन फुटवे ओरबाडावेत. हे करायला कोणी येणार नसेल तर कापूच नये.

आणि गाजर गवत. फुलायच्या आधी उपटायचं. पांढरी फुलं आली असतील तर पिशवीत भरूनच न्यायचं, ओढत नेलं तर वाटभर बी सांडतं. एका झाडाला हजारोंनी बी धरतं. पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला रुमाल हवाच, कारण अनेकांच्या अंगाला त्याने खाज सुटते. ज्याला आधीपासून त्रास आहे त्याला या कामाला घेऊ नये. हे गवत उकरलेल्या मातीत सगळ्यात आधी येतं. म्हणून तर माळावरचा तो दोन फुटी खड्डा नडतो. लावलेलं रोप एप्रिलमध्ये वाळून जातं, खड्डा राहतो, आणि पुढच्या जुलैत खड्ड्याच्या काठावर गाजर गवताची गोल रांगोळी.

हाच मुद्दा चरांचा. २०१६पासूनच्या पाणलोट स्पर्धांनी जिल्ह्यातल्या गावागावांना सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर शिकवले, आणि उघड्याबोडक्या उतारावर ते उपयोगी आहेतच. धड गवत असलेल्या माळावर मात्र चर खणू नयेत. तिथे पाणी अडवायचं काम गवताचे ठोंब करतायत. आपण त्यांनाच उपटून त्यांच्या जागी मातीचा बांध घालतो.

कधी जायचं आणि कोणाला विचारून

अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काडीही तोडता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि 'आम्ही चांगलं काम करत होतो' ही सबब त्यात नाही. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला विचारायचं, खासगी माळ असेल तर मालकाला.

वेळेची अडचण खरी आहे. मुळं उपटायला माती ओली हवी, म्हणजे जून-जुलै. पण माळावरचे बरेच पक्षी नेमके पावसाळ्यातच जमिनीवर अंडी घालतात. म्हणून पावसाळ्यात फक्त कडेला, रस्त्यालगत, ओढ्याकाठी काम. गवताच्या आत पाऊलही नको. दिवाळीच्या आसपास गवताचं बी पिकतं, तेव्हा ओंबी हाताने ओरबाडून सुती पिशवीत जमा करता येते. ताजं बी लगेच पेरू नये. अनेक गवतांचं बी काही महिने झोपलेलं असतं. ते कोरड्या जागी ठेवून पुढच्या मृगाआधी उघड्या तुकड्यांवर नुसतं विखरायचं, खोल गाडायचं नाही. थंडीत आतली वेडी बाभूळ, आणि उन्हाळ्याच्या आधी वनखात्याला जाळरेषा काढायला मदत: वणवा ओलांडू नये म्हणून गवत काढून ठेवलेला पट्टा.

"पण झाड तोडणं वाईटच ना?"

कुठलं आणि कुठे, यावर आहे. हिवर, बोर, खैर माळाचेच रहिवासी, त्यांना हात लावायचा नाही. शहरात तर झाडं हवीतच. होटगी रस्ता असो की नई जिंदगी, फुटपाथवर, शाळेच्या आवारात, शेताच्या बांधावर कडुनिंब, करंज, चिंच लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला. गवताची शत्रू असलेली सावली माणसाला लागतेच.

"झाडं कार्बन साठवतात, त्याचं काय?"

साठवतात, गवतही साठवतं. फरक एवढाच की गवताचा साठा बहुतांशी जमिनीत, मुळांत आणि मातीत असतो. वर वणवा गेला तरी तो खाली राहतो. साडेपाचशे मिलिमीटर पावसात वीतभर मातीवर लावलेलं झाड जगलंच नाही, तर त्याचा कार्बन फक्त अहवालात साठतो.

"वेडी बाभूळ गेली तर सरपण कुठून आणायचं?"

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे. कित्येक घरांची चूल आणि कोळशाच्या भट्ट्या हिच्यावर चालतात. म्हणून गावालगतची, रस्त्याकडेची गर्दी शेवटपर्यंत सोडून द्यावी. चांगल्याकडून वाईटाकडे जायच्या क्रमात ती तशीही शेवटीच येते. आतून काढलेली लाकडं गावातच द्यावीत, पेटवून देऊ नयेत. धनगरांशी, गुराख्यांशी आधी बोलावं. कुठला पट्टा कधी चरायला मोकळा असतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं, आणि शेळ्या शेंगा खाऊन कुठल्या वाटेने जातात हेही.

"हे वनखात्याचंच काम नाही का?"

आहे. पण खात्याचं काम निविदेवर आणि आर्थिक वर्षावर चालतं. मार्चमध्ये बिल निघतं, फुटवे जुलैत येतात. त्या मधल्या फटीत स्वयंसेवकाचा उपयोग आहे: एकच तुकडा, वर्षातून चार वेळा, सलग पाच वर्षं. वीस जणांनी एका सकाळी अर्धा एकर नीट केला तरी पुष्कळ झालं. त्यापेक्षा जास्त हातात घेतलं की पुढच्या फेरीला माणसं कमी पडतात.

काम लागू पडतंय का, हे पाहायला खर्च नाही. तुकड्याच्या एका कोपऱ्यात लोखंडी खुंटी ठोका. दर ऑक्टोबरमध्ये त्याच खुंटीवरून, त्याच दिशेला एक फोटो घ्या. मीटरभर लांबीच्या चार काड्यांची चौकट करून दहा ठरलेल्या जागी टाका आणि आत गवताचे ठोंब किती, आगंतुक रोपं किती, उघडी माती किती ते वहीत लिहा. पहिल्या वर्षी आकडे बहुधा बिघडलेलेच दिसतील, कारण माती हललेली असते. तिसऱ्या ऑक्टोबरला वही पुन्हा उघडा.